पॅक्ड कॉलम: उंची वाढवून ९८ टक्के शोषण मिळेल का?

पाणी_वरून (धागाकर्ता)

हवेतलं अ‍ॅसिटोन पाण्यात शोषून घेण्यासाठी काउंटरकरंट पॅक्ड कॉलमचं (रिंगांनी भरलेलं उभं नळकांडं, पाणी वरून खाली, वायू खालून वर) डिझाइन करतोय. आकडे मांडतो, चुका काढा.

वायू ७० किलोमोल/तास (सुमारे २०६० किलो), त्यात अ‍ॅसिटोन १.५ मोल टक्के. दाब वातावरणाचा, तापमान २५ अंश से. ९८ टक्के अ‍ॅसिटोन काढायचं आहे. समतोल रेषा वाय = २.५ एक्स धरली (वाय वायूतलं, एक्स पाण्यातलं अ‍ॅसिटोनचं मोल प्रमाण; २.५ हा उतार म्हणजे एम). पाणी स्वच्छ येतं असं धरलं तर किमान एल/जी (पाणी आणि वायू यांच्या मोल प्रवाहांचं गुणोत्तर) = २.५ × ०.९८ = २.४५. त्याच्या १.४ पट, म्हणजे ३.४३ घेतला. पाणी झालं २४० किलोमोल/तास, म्हणजे ४३२० किलो. पॅकिंग धातूच्या २५ मिमी पॉल रिंग, एचओजी (एका ट्रान्सफर युनिटला, म्हणजे शोषणाच्या कामाच्या एका मापाला लागणारी उंची) ०.६ मी. धरला.

यावरून एनओजी (ट्रान्सफर युनिटांची संख्या) ९.८ येतं आणि उंची ५.९ मी. वर २० टक्के भर घालून ७ मी. करतोय. आता प्रश्न:

१. उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांचं मिळणार आहे. त्यासाठी उंची ७ ऐवजी १० मी. केली तर भागेल ना?
२. व्यास ६०० घेऊ की ७०० मिमी?
३. वरून पाणी सोडायला एक स्प्रे नोझल पुरेल का?

---

ओलीभिंत

तुमचे २५ अंशांचे आकडे बरोबर आहेत. सूत्र सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, पुढे लागेल:

एनओजी = एलएन[(१ − १/ए) × (वाय१ − एम·एक्स२)/(वाय२ − एम·एक्स२) + १/ए] ÷ (१ − १/ए)

एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम, वाय१ म्हणजे खालून आत येणारा वायू, वाय२ वरून बाहेर पडणारा, एक्स२ वरून येणारं पाणी आणि ए = एल/(एम·जी), म्हणजे शोषण गुणांक. तुमचा ए = ३.४३/२.५ = १.३७. पाणी स्वच्छ असल्यानं मधलं गुणोत्तर ५०. उत्तर ९.८, बरोबर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही'. १० मीटर करा नाहीतर १०० करा, ९८ टक्के मिळणार नाही. अ‍ॅसिटोनचा बाष्पदाब २५ अंशांना साधारण २३१ मिमी पारा असतो, ३५ अंशांना ३४९. म्हणजे एम जवळजवळ दीडपट, ३.७५ च्या आसपास. पाणी तेवढंच ठेवलं तर ए = ३.४३/३.७५ = ०.९१. ए एकाच्या खाली गेला की अनंत उंचीच्या कॉलमातही शोषणाची कमाल मर्यादा ए एवढीच असते. तुमच्या बाबतीत ९१ टक्के. खाली बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या वायूशी समतोलाला पोचलेलं असतं, त्यात आणखी अ‍ॅसिटोन मावतच नाही. वर रिंगा कितीही ओता.

---

पाणी_वरून

हे डोक्यातच आलं नव्हतं. उंची वाढवली की शोषण थोडं थोडं वाढत जाईल अशीच समजूत होती. मग उपाय काय?

---

ओलीभिंत

पाणी वाढवणं किंवा पाणी गार करणं. ३५ अंशांना ए पुन्हा १.३७ वर आणायचा तर एल/जी = १.३७ × ३.७५ = ५.१४. म्हणजे ३६० किलोमोल, साधारण ६५०० किलो/तास. दीडपट पाणी. उलट पाणी २० अंशांपर्यंत गार केलं तर एम २.० च्या जवळ येतो आणि ४३२० किलोतच ए १.७ होतो. चिलरचा खर्च आणि पुढे पातळ द्रावणातून अ‍ॅसिटोन परत काढायच्या वाफेचा खर्च, दोन्ही शेजारी मांडून ठरवा. पाणी दीडपट केलं की रीबॉयलरवरचा (ती वाफ करणाऱ्या भांड्यावरचा) बोजाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, हे बहुतेक जण शेवटी मोजतात.

पाण्याच्या प्रमाणाचा उंचीवर किती परिणाम होतो तेही बघा. २५ अंशांनाच, किमान पाण्याच्या १.१ पट घेतलं तर एनओजी २०.९. १.४ पटीला ९.८. २ पटीला ६.६. १.१ वरून १.४ वर आलं की उंची निम्म्याहून कमी होते. त्यापुढे पाणी ओतून फारसं हाती लागत नाही. ए १.२५ ते १.५ च्या दरम्यान ठेवायचा तो याचसाठी.

---

रिंगमास्तर

एक दुरुस्ती. पूर्ण कॉलम ३५ अंशांना राहील हे गृहीतक फार निराशावादी आहे. आत येणारी हवा २५ अंशांची आणि अर्धवट कोरडी असेल, समजा दर किलोला १० ग्रॅम बाष्प, तर ती वर पोचेपर्यंत ३५ अंशांना संपृक्त होते, म्हणजे किलोला ३६ ग्रॅमच्या आसपास. तासाला साधारण ५४ किलो पाणी उडालं. त्याची उष्णता पाण्यातूनच जाते, शिवाय हवा तापायलाही थोडी लागते. अ‍ॅसिटोन विरघळताना उलट पाणी दोनेक अंशांनी तापतं. सगळं मिळून पाणी खाली येईपर्यंत सहा-सात अंशांनी उतरतं. तळाशी २९ अंश धरले तर एम ३.० च्या जवळ, ए १.१५.

ए एकाच्या खाली असताना कोंडी तळाशी होते, त्यामुळे तळाचं तापमानच निर्णायक. ९१ टक्क्यांची मर्यादा मग लागू होत नाही.

---

ओलीभिंत

मान्य, हवा कोरडी असेल तर. पण ही हवा ड्रायरमधून किंवा ओल्या प्रक्रियेतून आली, आधीच संपृक्त आणि ३५ अंशांची असली, तर हे फुकटचं कूलिंग शून्य. आणि वरचा भाग तरीही ३५ लाच राहतो. १.१५ वरही एनओजी १५ च्या आसपास जातं, म्हणजे ७ मीटर पुरत नाहीतच. हवेची आर्द्रता पक्की माहीत असल्याशिवाय या थंडाव्यावर डिझाइन उभं करू नये.

---

पाणी_वरून

हवा ओव्हनमधून येते, कूलरमधून ३० अंशांपर्यंत आणतो. आर्द्रता मोजलेली नाही.

---

ओलीभिंत

मग ३५ अंश, ६५०० किलो पाणी हीच डिझाइनची स्थिती धरा आणि ४३२० किलो ही नेहमीची. आर्द्रता मोजली की बघू. व्यासाचं रिंगमास्तर सांगतील.

---

रिंगमास्तर

व्यास. वायू ७० × २४.५ = १७१५ घनमी/तास, घनता १.२०. प्रवाह गुणोत्तर = (४३२०/२०६०) × √(१.२/९९७) = ०.०७३. धातूच्या २५ मिमी पॉल रिंगचा पॅकिंग फॅक्टर (पॅकिंग वायूला किती अडवतं त्याचा आकडा) ५६ प्रति फूट (१८३ प्रति मीटर).

६०० मिमीला क्षेत्रफळ ०.२८३ चौमी, वेग १.६८ मी/से. सामान्यीकृत प्रेशर ड्रॉप (पॅकिंगमधून जाताना वायूचा दाब किती घटतो) आलेखावर मीटरला ६० मिमी पाण्याच्या आसपास येतं, फ्लडिंगच्या (वायूच्या जोरानं पाणी खाली न उतरता साठू लागतं त्या मर्यादेच्या) साधारण ७० टक्के. ७०० मिमीला क्षेत्रफळ ०.३८५, वेग १.२४, प्रेशर ड्रॉप मीटरला २५ च्या आसपास, फ्लडिंगच्या पन्नासेक टक्के. शोषणाच्या कॉलमात मीटरला २० ते ४० मिमी हा नेहमीचा पट्टा.

नुसत्या ४३२० किलोवर ६०० चाललंही असतं. पण ६५०० किलो पाणी आलं की ६०० वर द्रवाचा भार २३ घनमी/चौमी·तास होतो, प्रवाह गुणोत्तर ०.११ वर जातं आणि फ्लडिंगची रेषा आणखी खाली सरकते. ७०० वर भार १७. तेव्हा ७००. व्यास रिंगच्या २८ पट होतो, भिंतीलगत पाणी पळण्याच्या दृष्टीनंही बरं. हे गुणोत्तर १० च्या खाली गेलं तर निम्मं पाणी भिंतीनं उतरतं असं समजा.

फ्लडिंगच्या वेळी प्रेशर ड्रॉप किती असतो याचं किस्टर-गिल सूत्र जवळ ठेवा: ०.११५ × (पॅकिंग फॅक्टर)^०.७, उत्तर फुटाला इंच पाणी. ५६ साठी १.९ इंच, म्हणजे मीटरला १६० मिमी. फॅक्टर ६० च्या वर असेल तर ते वापरू नका, तिथे सरळ २ इंच धरतात.

---

शिकाऊ_उमेदवार

एक बाळबोध शंका. पुस्तकात 'एचईटीपी = ९३ / पॅकिंगचं पृष्ठफळ' असं आहे. २५ मिमी पॉल रिंगला २१० चौमी/घनमी, म्हणजे ०.४४ मी. मग एनओजी ९.८ × ०.४४ = ४.३ मी. का नाही?

---

ओलीभिंत

दोन चुका एकावर एक. एचईटीपी ही सैद्धांतिक टप्प्याची उंची, तिला टप्प्यांच्या संख्येनं गुणायचं. एनओजी ही ट्रान्सफर युनिटची संख्या, तिला एचओजीनं. टप्पे क्रेम्सरच्या सूत्रानं: वरचाच एलएन[...] पण भागायचं एलएन(ए) नं. २.६६/०.३१६ = ८.४ टप्पे. ए बरोबर १ असेल तेव्हाच दोन्ही संख्या जुळतात.

दुसरं, ९३ चा नियम कमी पृष्ठताणाच्या सेंद्रिय द्रवांच्या डिस्टिलेशनसाठी आहे. पाणी असेल तर दुप्पट धरतात. ०.८८ × ८.४ = ७.४ मी. धागाकर्त्याच्या ७ मी. शी हे छान जुळतं. एचओजी ०.६ वरून काढलेली एचईटीपी ०.७ येते, तेव्हा २० टक्के भर योग्यच आहे, चैन नव्हे.

---

शिकाऊ_उमेदवार

समजलं. आणि धातूऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या रिंगा? स्वस्त पडतात, गंजत नाहीत.

---

रिंगमास्तर

पाण्यासाठी विचार करून घ्या. ओंडाच्या समीकरणात ओलं होणारं पृष्ठफळ पदार्थाच्या क्रांतिक पृष्ठताणावर (याहून कमी पृष्ठताणाचा द्रवच त्यावर नीट पसरतो) ठरतं: स्टील ७५, सिरॅमिक ६१, पॉलिप्रॉपिलीन ३३ मिलिन्यूटन/मीटर. पाण्याचा ७२. नव्या पॉलिप्रॉपिलीन रिंगांवर पाणी पसरत नाही, मेण लावल्यासारखं थेंब-थेंब आणि बारीक ओघळांनी उतरतं. काही आठवडे चालल्यावर पृष्ठभाग मुरतो आणि कामगिरी सुधारते, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या नमुन्यांवरून कॉलमला नावं ठेवू नयेत. पण डिझाइनमध्ये उंची वाढवूनच घ्यावी लागते. शिवाय ओव्हनची हवा आहे. कूलर बंद पडला आणि गरम हवा आत घुसली तर प्लास्टिकच्या रिंगांचा थर खचतो, तळाच्या रिंगा चेपून सपोर्ट प्लेटची भोकं बुजतात. इथे गंजण्यासारखं काही नाही, स्टीलच घ्या.

---

थेंबमोजणी

तिसरा प्रश्न मागे राहिला. एक स्प्रे नोझल नको. ७०० मिमीच्या नळकांड्यात गोल शंकू सोडला की कडेचं पाणी भिंतीवर जातं, बारीक थेंब वायूबरोबर वर निघतात, आणि नोझलची पाकळी किंचित झिजली की एक बाजू कोरडी. ९८ टक्क्यांचं काम आहे, दहा युनिटांचं. एवढ्या युनिटांना वाटपातली छोटी चूकही महागात पडते. दोन-तीन युनिटांचा स्क्रबर असता तर नोझलला हरकत घेतली नसती.

भोकांचा पॅन किंवा नळ्यांचा डिस्ट्रिब्यूटर घ्या. चौमीटरला १०० बिंदू धरले तर ०.३८५ चौमीला ४० भोकं. ४३२० किलो/तास म्हणजे भोकामागे सेकंदाला ३० मिलि. पाण्याची पातळी १०० मिमी ठेवली, प्रवाह गुणांक ०.६२, तर भोक ६.६ मिमी. ६.५ चा ड्रिल चालेल.

आता ६५०० किलोवर पातळी काय होईल? प्रवाह दीडपट, पातळी सव्वादोन पट: २२५ मिमी. तेव्हा कड किमान ३०० मिमी उंच. निम्म्या प्रवाहावर चालवायचं ठरलं तर पातळी २५ मिमीवर उतरते, आणि खरी गंमत तिथे आहे. डिस्ट्रिब्यूटर एका बाजूला ५ मिमी कलला असेल तर १०० मिमी पातळीला भोकांमधला फरक अडीच टक्के. २५ मिमी पातळीला तोच कल १० टक्क्यांचा फरक पाडतो. कलणं तेवढंच, शिक्षा चौपट. म्हणून समतल करायचे स्क्रू बाहेरून हात पोचेल असे हवेत आणि मॅनहोल त्याच्या समोर.

डिस्ट्रिब्यूटरच्या आधी गाळणी, तिची जाळी भोकाच्या निम्म्याहून बारीक. पॅकिंगच्या माथ्यापासून १५० ते २०० मिमी वर बसवा. आणि पॅनमधून वायूला वर जायला चिमण्या (उभ्या नळ्या) पुरेशा ठेवा, नाहीतर वायू भोकांतूनच वर येऊ बघतो आणि पाणी अडतं.

---

रिंगमास्तर

थेंबमोजणींना +१. जोडीला: ७ मी. चा थर एकसंध ठेवू नका. ३.५-३.५ चे दोन थर, मध्ये पाणी गोळा करून पुन्हा वाटणारा रीडिस्ट्रिब्यूटर. पॉल रिंगला व्यासाच्या ५ ते १० पटीला पुनर्वाटप करतात, कमाल ६ मी.

सपोर्ट प्लेट सपाट जाळीची नको. तिच्या भोकांचं क्षेत्रफळ ४०-५० टक्के, त्यावर रिंगा बसल्या की आणखी कमी. फ्लडिंग तिथूनच सुरू होतं आणि दोष पॅकिंगला मिळतो. नागमोडी, वायू बाजूनं आत सोडणारी प्लेट घ्या, तिचं उघडं क्षेत्र कॉलमच्या छेदाइतकं ठेवता येतं. माथ्यावर बेड लिमिटर (रिंगा वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून जाळी) भिंतीला पक्का बांधलेला. सुटं वजन ठेवायची पद्धत सिरॅमिकसाठी, धातूच्या रिंगा त्याखाली दबतात.

---

पाणी_वरून

धन्यवाद सगळ्यांना. आणखी एक. पाणी फेकून न देता तळाचं द्रावण स्ट्रिप करून (वाफेनं अ‍ॅसिटोन काढून) परत वर आणायचा विचार आहे. स्ट्रिप केलेल्या पाण्यात वजनानं ३००-३५० पीपीएम अ‍ॅसिटोन राहील असं सप्लायर म्हणतो. एवढंसं चालून जावं?

---

ओलीभिंत

एवढंसं नाही ते. वजनानं ३२० पीपीएम म्हणजे एक्स२ = ०.०००१. बाहेर पडणाऱ्या वायूत तुम्हाला वाय२ = ०.०००३ हवा आहे आणि या पाण्याशी समतोल असलेला वायू आहे ०.०००२५. म्हणजे माथ्यावर ढकलायला उरलं ०.००००५. सूत्रातलं गुणोत्तर ५० वरून २९५ वर जातं आणि २५ अंशांनाही एनओजी ९.८ चं १६.२ होतं. उंची जवळपास १० मी. वजनानं ३८५ पीपीएमच्या पुढे गेलात तर ९८ टक्के अशक्यच. ३५ अंशांना ही मर्यादा २६० च्या आसपास येते, म्हणजे सप्लायरचं पाणी उन्हाळ्यात नापास.

स्ट्रिपरकडून ५० पीपीएम मागा. तिथे दोन-तीन टप्पे वाढवणं इथे तीन-चार मीटर वाढवण्यापेक्षा स्वस्त पडेल. आणि परत येणारं पाणी गार करायचा एक्स्चेंजर विसरू नका, ते स्ट्रिपरमधून उकळतं येतं.

---

शिकाऊ_उमेदवार

चालू झाल्यावर फ्लडिंग ओळखायचं कसं? काचेच्या प्रयोगशाळेतल्या कॉलमात दिसतं, इथे दिसणार नाही.

---

थेंबमोजणी

प्रत्येक थरावर वेगळा डीपी (प्रेशर ड्रॉप) ट्रान्समीटर. दोन्ही थर मिळून एकच लावला तर कोणता बिघडला ते कळत नाही. पाणी सोडण्याआधी कोरड्या पॅकिंगवर चार-पाच वेगांना रीडिंग घ्या. ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढायला हवं. हा आलेख जपून ठेवा, पुढे तुटलेल्या-बुजलेल्या पॅकिंगचा पुरावा तोच.

मग पाणी सोडून. मीटरला २५ असलेला डीपी एकाच वायुप्रवाहाला ४०, ६० असा चढत गेला आणि काटा नाचू लागला की पाणी साठतंय. डीपी महिनोन्महिने हळू चढला तर गाळ किंवा शेवाळ. डीपी अगदी नेमका पण शोषण ९० टक्के, तर वाटपात घोळ: डिस्ट्रिब्यूटर कललेला, भोकं बुजलेली, किंवा गाळणी फाटून रिंगमध्ये कचरा. डीपी अचानक चढला आणि पाणी कमी केल्यावरही उतरायला वेळ लागला, तर फेस शोधा. साबण किंवा तेलाचा अंशही पुरतो.

आणि सर्वात आधी तळाची पातळी बघा. सम्पमधलं (कॉलमच्या तळाशी साठलेलं) पाणी वायूच्या नळीपर्यंत चढलं की वायू पाण्यातून बुडबुडत वर येतो, पाणी उडवून सपोर्ट प्लेटला भिडवतो आणि वरचा थर फ्लड झाल्यासारखा वागतो. नळीच्या खाली निदान ३०० मिमी मोकळं ठेवा, हाय-लेव्हल अलार्म त्याच्याही खाली.

---

रिंगमास्तर

तळाच्या पाण्याच्या नळीला यू-सील (पाणी भरून वायू अडवणारा वाक) असेल तर तिची खोली नेहमीच्या डीपीवर ठरवू नका. ७ मी. × २५ = १७५, डेमिस्टर (थेंब अडवणारी जाळी) वगैरे धरून २५० मिमी, म्हणून ३०० ची सील, असं करतात. फ्लड झाल्यावर ७ × १६० = ११२० मिमी होतं. सील फुटली की अ‍ॅसिटोनची हवा सरळ ड्रेनमध्ये. ब्लोअरचा बंद तोंडाचा दाब मिमीत घ्या, त्याहून २०० मिमी जास्त खोल, आणि माथ्यावर सायफन तोडणारा व्हेंट. ड्रेन बंदिस्त ठेवा. अ‍ॅसिटोनची ज्वलनशीलतेची खालची मर्यादा २.५ टक्के आहे आणि तुम्ही १.५ वर आहात. ओव्हनमधून एकदा जास्त आलं की अंतर संपलं.

---

पाणी_वरून

सुधारलेलं: व्यास ७००, पॅकिंग ३.५ + ३.५ मी., पाणी ४३२० ते ६५०० किलो, परत येणारं पाणी ५० पीपीएम आणि गार करून, ४० भोकांचा पॅन, कड ३०० मिमी, सील ब्लोअरच्या दाबावरून. पॅन बसवण्याआधी तपासणी कशी करू?

---

थेंबमोजणी

५० पीपीएम धरून डिझाइनच्या ३५ अंशांना एनओजी पुन्हा काढा, साडेदहाच्या जवळ येईल. ७ मी. मध्ये बसतं, पण भर २० ची ११ टक्क्यांवर आली. ३.८ + ३.८ करा.

पॅन जमिनीवर स्टँडवर, स्पिरिट लेव्हलनं समतल. ४३२० किलो/तासाचं पाणी सोडून पातळी १०० वर स्थिर होऊ द्या. एकसारख्या मगांत एकेका भोकाखाली ३० सेकंद पाणी धरा, प्रत्येकी ९०० मिलि यायला हवं. ४० पैकी एकही ५ टक्क्यांच्या बाहेर नको, म्हणजे ८५५ ते ९४५. ज्या भोकाला कमी येतं तिथे ड्रिलनं उठलेली धातूची धार (बर) आतून राहिलेली असते, बोटानं चाचपली की लागते. कानस फिरवा, पुन्हा धरा. मग हेच २५ मिमी पातळीला, निम्म्या प्रवाहावर. तिथे १० टक्क्यांत बसलं तरी चालेल.